गावातल्या शाळेत रोबोटिक्सचा वर्ग सुरू करायचाय? जून ते दसरा, पायरीपायरीनं

पहिल्या रविवारी मी पंधरा लेकरांसमोर पाच आर्डुइनो बोर्ड, म्हणजे दिवे आणि मोटर चालवणारे तळहाताएवढे संगणक, ठेवले आणि कोड फळ्यावर लिहून दिला. तासाभरात पाचही बोर्डांवरचा दिवा लुकलुकला, टाळ्या झाल्या, मी खूश होऊन घरी आलो. पुढच्या रविवारी सांगितलं, दिवा दोनदा पटकन आणि एकदा सावकाश लावून दाखवा. एकालाही जमलं नाही. दिवा त्यांनी लावलाच नव्हता. त्यांनी माझं अक्षर उतरवून काढलं होतं.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. काही वर्षं वाळूजला नोकरी केली, मग बालाघाटच्या डोंगरात, धारूरकडच्या आमच्या गावी परत आलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत रविवारचा वर्ग घेतोय त्याला आता सहा पावसाळे झाले. या काळात बोर्ड जळाले, सेल फुगले, मुलं रुसली, पालक शाळेत येऊन भांडले. तुम्ही शिक्षक असा, गावात परतलेले इंजिनिअर असा की बारावीनंतर घरी असलेली ताई असा, हे सगळं तुम्हालाही पहिल्यापासून सोसायला लागू नये म्हणून लिहितोय. मी पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर काम केलंय, तेव्हा पुढचं सगळं त्या वयाला धरून आहे.

## १. सामान घेण्याआधी कॅलेंडर बघा

ही पायरी शहरातल्या कुठल्याच कोर्समध्ये सापडणार नाही, पण आपल्याकडे वर्ग टिकणार की मोडणार हे इथंच ठरतं. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयता घेऊन कारखान्यांवर जातात. बरीच लेकरं त्यांच्यासोबत निघतात, काही आजीआजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात मागं राहतात. पहिल्या वर्षी मी आठ महिन्यांचा कोर्स आखला होता. गाडी बनवायचे धडे डिसेंबरात होते. डिसेंबरात पंधरातली सहाच मुलं उरली, आणि गाडीसाठी सगळ्यात आतुर असलेली दोघं तेव्हा उसाच्या फडात होती.

तेव्हापासून माझा कोर्स जूनच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन झाल्यावर मुलं आपापलं काम गावाला दाखवतात. त्या दिवशी पालक शाळेत आलेलेच असतात, वेगळं बोलवावं लागत नाही. मधे बारा रविवार मिळतात. पोळा आणि गणपती यांत दोन जातात. हातात दहा राहतात, आणि दहात काम होतं.

दिवाळीनंतर राहिलेल्या मुलांसोबत वर्ग चालू ठेवा, पण नवा धडा पुढं रेटू नका. दुरुस्ती, जुन्या प्रकल्पात सुधारणा, सोल्डरिंगचा सराव एवढंच घ्या. उन्हाळ्यात परत आलेल्या पोरांना आपण मागं पडलो असं वाटलं की ती पुन्हा वर्गाकडं फिरकत नाहीत.

## २. परवानगी आणि कागदपत्रं

यात फार वेळ जात नाही, पण टाळलं तर मधेच वर्ग बंद पडतो. हे कागद एका फायलीत ठेवा:

- मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज: कोण शिकवणार, कोणत्या इयत्ता, कोणत्या वेळी, कोणती खोली
- शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
- तुम्ही शाळेबाहेरचे असाल तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयाला पत्र आणि त्याची पोच, सोबत तुमच्या ओळखपत्राची प्रत
- प्रत्येक पालकाचं संमतिपत्र, फोटो काढण्याच्या परवानगीसह
- सामानाची यादी. कुणी देणगी दिली असेल तर ती शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरला चढवून घ्या. आज हे कटकटीचं वाटतं, पण मुख्याध्यापक बदलून गेले की सामान कुणाचं, हा प्रश्न हमखास निघतो.

वर्गाच्या वेळी शाळेतल्या एक मॅडम किंवा समितीतली एखादी आई हजर राहील अशी सोय करा. मुलींच्या घरचे निर्धास्त असतात. मुख्याध्यापक विचारतील, हे अभ्यासक्रमात कुठं बसतं? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आहे, तेवढं सांगणं पुरतं.

पालकांचा प्रश्न वेगळा असतो: "सर, यानं मार्क वाढत्याल का?" लातूर पॅटर्नच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांनी हा प्रश्न विचारणारच, आणि तो चुकीचा नाही. मी खोटं आश्वासन देत नाही. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचा धडा येतो, तो तुमच्या लेकरानं हातानं केलेला असेल, इतकंच म्हणतो.

## ३. सामान

पंधरा मुलांना पाच संच पुरतात, तिघांत एक. प्रत्येकाला स्वतंत्र संच द्यायचा मोह टाळा, कारण तिघं एकमेकांना समजावून सांगतात तेव्हाच खरं शिकणं होतं. एका संचात हे हवं:

- आर्डुइनो उनो किंवा त्याचा स्वस्त जोडीदार बोर्ड. याची यूएसबी केबल जुन्या प्रिंटरसारखी चौकोनी तोंडाची असते.
- ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता भाग जोडायची भोकांची पाटी) आणि दोन्ही प्रकारच्या जंपर वायर, म्हणजे दोन्ही टोकांना पिन असलेल्या आणि एका टोकाला भोक असलेल्या
- एलईडी दहा, २२० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहमचे रेझिस्टर, दोन पुश बटणं
- बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि ५ व्होल्टचा ॲक्टिव्ह बझर
- अंतर मोजायचा एचसी-एसआर०४ सेन्सर
- एसजी९० सर्वो मोटर, सांगितलेल्या कोनात वळणारी
- एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या हुकमावर सेलचा प्रवाह मोटरला देणारा), पिवळ्या गिअरवाल्या बीओ मोटर दोन चाकांसह, पुढचं गोल फिरणारं कॅस्टर चाक
- एए आकाराच्या सहा सेलचा होल्डर आणि सहा रिचार्जेबल सेल

मी शेवटचं सामान घेतलं तेव्हा सेल धरून एक संच साधारण पंधराशे ते अठराशे रुपयांत बसला. सगळ्या वर्गात मिळून एक मल्टिमीटर, एक २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, वायर सोलायचा पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, ग्लू गन आणि काळी इन्सुलेशन टेप पुरे. गाडीच्या सांगाड्यासाठी पैसे घालवू नका. जाड खोका, सनबोर्ड, जुन्या डब्याचं झाकण, काहीही चालतं. भंगारवाल्याकडून बंद पडलेले सीडी ड्राइव्ह आणि प्रिंटर आणा. मुलांनी ते उघडून आतल्या मोटर आणि गिअर बाहेर काढणं हा अख्ख्या एका रविवारचा धडा आहे.

पुण्याला कुणी जाणार असेल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं हातात घेऊन, बघून घेता येतं. ऑनलाइन मागवलंत तर एलईडी, वायर आणि ट्रान्झिस्टर गरजेपेक्षा जास्तच मागवा. दोन रुपयांचा भाग संपला म्हणून रविवार वाया गेल्याचं फार लागतं.

लॅपटॉप जुना चालतो. दोन असले तरी भागतं. वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून शनिवारी रात्रीच चार्ज करून ठेवा. सॉफ्टवेअरसाठी एमब्लॉक किंवा पिक्टोब्लॉक्स घ्या. दोन्हींत स्क्रॅचसारखे रंगीत ठोकळे जोडून आर्डुइनो चालवता येतो. तालुक्याला नेट चांगलं असेल तिथं बसून ते उतरवून घ्या आणि पेनड्राइव्हमध्ये ठेवा. शाळेत गेल्यावर डाउनलोड करू म्हणालात तर तो रविवार गेला.

## ४. पहिले दोन रविवार संगणक पिशवीतच

पहिला प्रकल्प पाण्याच्या टाकीचा भोंगा. आपल्याकडं नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही अवेळी, आणि टाकी भरून वाहिली की घरात भांडण होतं. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे या मुलांनी घरच्यांकडून ऐकलेलं असतं. त्यामुळे प्रकल्प कशासाठी, हे समजावून सांगावं लागत नाही.

जोडणी अशी. बॅटरीचं धन टोक बझरच्या धन टोकाला. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: कलेक्टर, बेस आणि एमिटर. बझरचं ऋण टोक कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. आता बॅटरीच्या धन टोकापासून १ किलोओहमचा रेझिस्टर लावून एक उघडी तार पाण्यात सोडा, आणि बेसपासून निघालेली दुसरी उघडी तार तिच्या शेजारी सोडा. पाणी दोन्ही तारांना टेकलं की बेसमधून बारीकसा प्रवाह जातो, ट्रान्झिस्टर मोठा प्रवाह सोडतो आणि बझर ओरडतो. बीसी ५४७ची सपाट बाजू आपल्याकडं आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. हे चित्र फळ्यावर मोठं काढून ठेवा.

बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, म्हणून भोंगा जोरात वाजतो. मग फिल्टरच्या जारचं पाणी घ्यायला लावा आणि आवाज बदलतो का ते मुलांनाच ऐकू द्या. पाण्यात मीठ टाकायची कल्पना त्यांच्यातूनच येते. थांबा, सुचवू नका. आमच्याकडं एका सहावीतल्या मुलीनं मीठ आणायला घरी धूम ठोकली होती.

इथं एक ठाम नियम घाला: घरातल्या बोर्डाला, मोटारीच्या स्टार्टरला, शेतातल्या थ्री-फेजला हात लावायचा नाही. आपल्या वर्गातलं सगळं बॅटरीवर चालतं. हे फक्त सांगून भागत नाही, पहिल्या दिवशी मुलांकडून वहीत लिहून घ्या. शेतकऱ्याच्या मुलाला दुसऱ्याच आठवड्यात वाटतं की आपण बापाची मोटर आपोआप बंद करू शकतो.

दुसऱ्या रविवारी माणसांचा रोबोट. एका मुलाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. बाकीच्यांनी त्याला फक्त तीन हुकूम द्यायचे: एक पाऊल पुढं, उजवीकडं वळ, डावीकडं वळ. त्याला वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत न्यायचं. हुकूम आधी कागदावर लिहायचे, चालताना बदलायचे नाहीत. तो बाकाला धडकतो, सगळे हसतात, मग कागद दुरुस्त होतो. चौथ्या प्रयत्नाला कुणीतरी म्हणतं, "सर, एक पाऊल पुढं, एक पाऊल पुढं असं सात वेळा कशाला लिवायचं? सात वेळा असं एकदाच लिवू की." लूप म्हणजे काय ते त्या क्षणी मुलांना कळलेलं असतं, शब्द तुम्ही नंतर द्या. मुलांसाठीची लोगो ही भाषा १९६७ साली सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवली, तीही याच तऱ्हेनं: त्यात हुकमानं चालणारं एक कासव असतं, आणि आपण त्या कासवाच्या जागी असतो तर कसे चाललो असतो, असा विचार मूल करतं.

## ५. बोर्ड जोडताना अडवणारे चार अडथळे

लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही, ही नवख्या माणसाची पहिली अडचण. क्रमानं बघा.

केबल बदलून पाहा. स्वस्त बोर्डाच्या काही प्रकारांना मोबाइलसारखी केबल लागते आणि घरातल्या कित्येक केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. मग ड्रायव्हर. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० ही चिप असते आणि जुन्या विंडोजला तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तोही पेनड्राइव्हमध्ये ठेवा. तिसरं, सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचं नाव आणि पोर्ट बरोबर निवडलंय का? चौथं, शून्य आणि एक नंबरच्या पिनांना काही जोडलेलं तर नाही ना? त्याच पिनांवरून लॅपटॉप बोर्डाशी बोलतो, तिथं तार असली की अपलोड अडतं.

आणखी एक गोष्ट एमब्लॉक-पिक्टोब्लॉक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला गोंधळात टाकते. यात दोन पद्धती असतात. एकीत बोर्ड केबलनं लॅपटॉपला जोडलेला असेतोवरच काम करतो. दुसरीत, म्हणजे अपलोड पद्धतीत, कोड बोर्डात जाऊन बसतो आणि केबल काढली तरी चालतो. पहिल्या पद्धतीत सगळं नीट चालतं, केबल काढली की गाडी मरते, आणि मूल तासभर सेल बदलत बसतं.

पहिला कोड लुकलुकत्या दिव्याचाच असू द्या, पण लिहून देऊ नका. ठोकळे कुठं आहेत ते दाखवा, एक दिवा लावून दाखवा, ते पुसा आणि मुलांना नवं काम द्या: ॲम्ब्युलन्सचा दिवा, आजीच्या खोकल्यासारखा थांबून थांबून लागणारा दिवा, स्वतःच्या नावातल्या अक्षरांइतक्या वेळा लागणारा दिवा. एलईडीसोबत २२० ओहमचा रेझिस्टर हवाच. उनोच्या एका पिनेतून २० मिलिॲम्पिअरपर्यंतच प्रवाह घेणं योग्य, म्हणून मोटर कधीही सरळ पिनेला जोडायची नाही.

मोठ्या ब्रेडबोर्डच्या काठावरच्या लांब रांगा काही बनावटींत मधे तुटलेल्या असतात. अर्ध्या बोर्डावर वीज आहे आणि अर्ध्यावर नाही, असं दिसलं की मल्टिमीटर लावा.

## ६. अंतर मोजणारा सेन्सर, आणि त्यात दडलेलं गणित

एचसी-एसआर०४ माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते सांगतो. दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत तो मोजतो असं धरलं जातं. तयार ठोकळ्यात अंतर थेट सेंटिमीटरमध्ये मिळतं. सातवीच्या वरच्या मुलांना मात्र वेळ मोजू द्या आणि भागाकार त्यांनाच करू द्या. २० अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. जाऊन-येऊन एका सेंटिमीटरला जवळपास ५८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून वेळेला ५८नं भागायचं.

पुढचं आपल्या हवेचं. पत्र्याच्या खोलीत ४० अंशाला आवाजाचा वेग सेकंदाला ३५५ मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे मेजरटेपनं मोजलेलं एक मीटर सेन्सर ९७ सेंटिमीटर दाखवतो. हिवाळ्यातल्या सकाळी आणि एप्रिलच्या दुपारी हाच प्रयोग करून मुलांनी दोन्ही आकडे शेजारी लिहिले की भौतिकशास्त्र पुस्तकातून वर्गात उतरतं. सेन्सर सुती कापडावर आणि तिरक्या भिंतीवर फसतो, हेही त्यांनाच सापडू द्या.

## ७. गाडी

मुलं याचीच वाट बघत असतात आणि सगळ्यात जास्त रडारडही इथंच होते. म्हणून तीन रविवार राखून ठेवा.

पहिला सापळा बॅटरीचा. दुकानदार ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी देतो. आकडा मोठा दिसतो म्हणून आपल्यालाही पटतं. भोंग्याला ती चालते, कारण बझर फार थोडा प्रवाह घेतो. दोन मोटरांना लागणारा प्रवाह मात्र तिला झेपत नाही. चाकं हवेत फिरतात आणि गाडी जमिनीवर ठेवली की थांबते, बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि सगळे कोडमध्ये चूक शोधत बसतात. आमचा एक अख्खा महिना यात गेला. एए आकाराचे सहा रिचार्जेबल सेल ७.२ व्होल्ट देतात. एल२९८एनमध्ये सुमारे दोन व्होल्ट खर्च होतात, मोटरला पाचच्या आसपास मिळतात, आणि बीओ मोटरला तेवढंच हवं असतं.

मोठी माणसं १८६५० नावाचे लिथियम सेल सुचवतात. ताकद भरपूर, पण शॉर्ट झाले तर आग लागते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले तर मुळीच वापरू नका. मी ते आठवीच्या पुढंच देतो, होल्डरसकट, आणि चार्जिंग माझ्याच हातानं करतो. शेजारी वाळूची बादली असते.

दुसरा सापळा ग्राउंडचा, म्हणजे ऋण बाजूच्या जोडणीचा. सेलचं ऋण टोक, मोटर ड्रायव्हरचं ग्राउंड आणि आर्डुइनोचं ग्राउंड एकत्र जोडलेलं हवं. नसेल तर सगळं बरोबर दिसूनही मोटर हलत नाही किंवा वेड्यासारखी हलते. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

तिसरं, गाडी सरळ जाणार नाही. दोन पिवळ्या मोटर कधीच सारख्या वेगानं फिरत नाहीत. मुलं निराश होतात, तुम्ही होऊ नका, कारण इंजिनिअरिंग इथून सुरू होतं. वेग ० ते २५५ या आकड्यांत देता येतो, त्यासाठी ३, ५, ६, ९, १०, ११ या पिना वापरा. गाडी डावीकडं ओढत असेल तर उजव्या मोटरचा आकडा थोडा कमी करायचा, खडूनं आखलेल्या रेघेवर तीन मीटर चालवून बघायचं, आकडा वहीत लिहायचा, परत बदलायचा. आमच्या एका गटानं २०० आणि १८३ हे आकडे सतरा चाचण्यांनंतर शोधले. ते आकडे त्या मुलांना अजून पाठ आहेत.

गाडी जागेवर गरगर फिरली तर मुलं आधी घाबरतात. "सर, नुसती फिरायलीच की ही!" मी एवढंच विचारतो, एक चाक कुठं पळायलंय आणि दुसरं कुठं? खाली वाकून बघितलं की त्यांचं त्यांनाच दिसतं: एक पुढं, एक मागं, म्हणजे एका मोटरच्या दोन तारा उलट्या.

रेघेवरून चालणारी गाडी करणार असाल तर दोन गोष्टी. काळं-पांढरं ओळखणारा आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर उन्हात आंधळा होतो. सकाळी दहाला चाललेली गाडी बाराला खिडकीतून ऊन आलं की रेघ सोडते. व्हरांड्याच्या सावलीत चालवा, सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर लावा आणि जिथं चालवणार तिथंच सेन्सरचा स्क्रू फिरवून जुळवा. दुसरं, शहाबादी फरशीवर रेघ आखू नका: रंग गडद, आणि जोडांत कॅस्टर अडकतं. वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे जुने फ्लेक्स मागून पांढरे असतात, ते उलटे अंथरून त्यावर काळी टेप चिकटवा. यापेक्षा चांगला रस्ता मला विकतही मिळालेला नाही.

## ८. हात पाठीमागे, वही पुढं

हे वाचून बाकी काही केलं नाहीत तरी चालेल, पण एवढं करा. मुलाची गाडी अडली की आपले हात शिवशिवतात. दोन मिनिटांत तार बदलून गाडी चालू करता येते, मूल खूश होतं आणि काहीच शिकत नाही. मी वर्गात हात पाठीमागे बांधून फिरतो. सेल तापला किंवा जळका वास आला तरच हात पुढं येतात.

प्रत्येक गटाला बिघाडाची एक वही द्या. चार रकाने आखा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय तपासलं, काय सापडलं. तपासायचा क्रम वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: सेल, तारा, ग्राउंड, पिनेचा नंबर, मग कोड. मुलं नेहमी उलटीकडून, कोडपासून सुरुवात करतात. वहीत आधीच्या गटाला सापडलेला बिघाड पुढच्या गटाला उपयोगी पडतो. सहा वर्षांच्या त्या वह्या माझ्याकडं आहेत, आणि नवी मुलं माझ्याआधी त्यांनाच विचारतात.

तिसऱ्या वर्षी वह्या चाळताना लक्षात आलं की सगळ्या नोंदी मुलींच्या अक्षरात होत्या. लॅपटॉप मुलांच्या हातात, वही मुलींच्या, आणि मी ते दोन वर्षं पाहून पाहिलं नव्हतं. आता गटात तीन कामं असतात: तारा, कोड आणि नोंद. दर वीस मिनिटांनी घंटा वाजते आणि कामं फिरतात. घंटा वाजल्यावर कुणाची सबब ऐकत नाही.

## ९. शेवटचा प्रकल्प मुलांनी निवडायचा

सातव्या रविवारी प्रत्येक गटानं घरी किंवा गावात अडलेली एक गोष्ट शोधून आणायची. आमच्याकडं आलेल्या काही: शेळीच्या पिल्लांच्या खुराड्यापाशी रात्री काही हललं तर वाजणारी घंटा, पिठाच्या डब्यात किती पीठ उरलंय ते सांगणारा सेन्सर, अंध आजोबांच्या काठीला लावलेला अंतरमापक.

माती ओली की कोरडी हे सांगणारा प्रकल्प दरवर्षी कुणीतरी घेतंच. त्यात दोन अडचणी ठरलेल्या. दोन पायांचा स्वस्त सेन्सर सतत चालू ठेवला की काही दिवसांत गंजून खराब होतो, म्हणून मोजायच्या क्षणापुरतीच त्याला वीज द्या किंवा थोडा महाग कपॅसिटिव्ह प्रकार घ्या. आणि आपली काळी माती वाळली की भेगाळते, सेन्सर भेगेत लटकतो आणि खोटा आकडा देतो. एका डब्यात पूर्ण वाळलेली आणि दुसऱ्यात भिजवलेली आपल्याच रानातली माती घेऊन दोन्हींचे आकडे आधी लिहून घ्या. पाणी सोडायचं असेल तर कूलरच्या पंपाला हात लावू नका, खेळण्यातला पाच व्होल्टचा छोटा पंप पुरे.

एका गटानं कंपन ओळखणारा भोंगा केला होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, जवळपास दहा हजार माणसं गेली. गटातल्या एका मुलीच्या आईचं माहेर किल्लारीजवळच्या औशाकडचं. आईला विचारून तिनं आणलेले प्रश्न सेन्सरच्या किमतीपेक्षा मोठे होते: रस्त्यावरून ट्रक गेला तर वाजेल का? झोपलेल्या माणसाला उठायला किती वेळ लागतो? आमचं यंत्र भूकंपाची पूर्वसूचना देत नाही, हे आम्ही चार्टवर ठळक लिहिलं. मुलांच्या प्रकल्पावर नको तो दावा करू नका, आणि गावातल्या पाहुण्यांनाही करू देऊ नका.

## १०. पुढं कुठं जाता येतं

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर अवॉर्ड मानक योजना बघा. शाळेमार्फत कल्पना नोंदवायची, निवड झाली की प्रतिकृती बनवायला १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. मुलाचं खातं चालू आहे ना, पासबुकावरचं आणि शाळेतलं नाव तंतोतंत जुळतं ना, हे आधी तपासा. आमच्याकडं एका अक्षराच्या फरकापायी दोन महिने हेलपाटे झाले.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६पासून सुरू झाल्या. सहावी ते बारावीच्या शाळांसाठी असतात, मंजूर शाळेला पाच वर्षांत मिळून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पाचवीपर्यंतच्या शाळेला ती मिळणार नाही, पण तालुक्यातल्या एखाद्या हायस्कुलात असेल तर तिथल्या मुख्याध्यापकांना भेटून महिन्यातला एक शनिवार मागा. थ्रीडी प्रिंटर एकदा चालताना बघितला की पोरांच्या प्रश्नांची जातच बदलते.

## ११. कोयत्यासोबत जाणारा डबा

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, जाणाऱ्या प्रत्येक मुलाला झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा द्या. आत एवढंच: छोटा ब्रेडबोर्ड, बीसी ५४७ दोन, बझर, दहा एलईडी, रेझिस्टरची पुडी, वायर, सेलचा होल्डर आणि वेगळ्या पिशवीत सेल. सेल होल्डरमध्ये बसवून देऊ नका, ट्रॅक्टरच्या हादऱ्यांत शॉर्ट होतात. संगणक लागत नाही, वीज लागत नाही, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून करता येतं. सोबत बिघाडाच्या वहीची कोरी पानं शिवून द्या, आणि झाकणाच्या आतून जोडणीचं चित्र चिकटवा, कागद ओला होऊ नये म्हणून वरून टेप लावा.

डबा परत मागू नका. एप्रिलमध्ये मूल वर्गात आलं की आधी त्याची पानं वाचा. गेल्या वर्षी एका सातवीतल्या मुलाच्या पानावर लिहिलं होतं: "टँकर आला की आवाज यावा. आवाज आला नाही. तार तपासली. तार उंदरानं खाल्ली. नवीन लावली. आला." त्याच पानाखाली त्याची पुढची नोंद सुरू झाली.